यंत्राला परत मिळालेला स्पर्श : थेरगाव परिसरातील यंत्रशाळा आणि बलमापन

पवनेच्या काठी, चिंचवडगावासमोर वसलेले थेरगाव शेतीच्या गावापासून उद्योगाच्या वस्तीपर्यंत कसे पोहोचले, हे समजण्यासाठी गावाच्या शिवेबाहेर पाहावे लागते. 1954 मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, 1962 मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले आणि 1966 मध्ये सुमंत मूळगावकरांच्या नेतृत्वाखालील टेल्को या वाहनकंपनीने याच पट्ट्यात पाय रोवून आपली यंत्रे, साचे व जिग-फिक्स्चर स्वतःच घडवण्याची परंपरा सुरू केली. थेरगावात पदमजी पेपर मिल उभी राहिली; परंतु परिसराचा चेहरा घडवला तो मोठ्या कारखान्यांना बुश, शाफ्ट, ब्रॅकेट यांसारखे सुटे भाग पुरवणाऱ्या, जॉबवर्कवर चालणाऱ्या छोट्या वर्कशॉपनी.

या वर्कशॉपमधील पहिल्या पिढीचे लेथ हाताने चालत. पोलादात कट घेताना हत्यारावर किती जोर येतो, हे टर्नरला हँडलच्या जडपणावरून, कापण्याच्या आवाजावरून आणि सुटणाऱ्या चिपच्या रंगावरून कळत असे. बुश, म्हणजे भोकात घट्ट बसवायची नळी, बसवण्याचा हातप्रेसही असाच होता. दांडा नेहमीपेक्षा हलका गेला तर भोक मोठे आहे आणि अडखळला तर बुश तिरका शिरतो आहे, हे फिटर क्षणात ओळखी. हे मोजमाप कुठल्याही कागदावर उमटत नसे, पण ते मोजमापच होते, आणि आयटीआयच्या शिक्षणानंतर वर्षानुवर्षे यंत्रापाशी उभे राहिल्यावरच ते अंगात मुरत असे.

संगणकनियंत्रित यंत्राने नेमकी हीच जाणीव काढून घेतली. 1952 मध्ये अमेरिकेतील एमआयटी संस्थेत छिद्रांच्या कागदी पट्टीवरील आकड्यांनुसार चालणारे मिलिंग यंत्र दाखवण्यात आले, तेव्हा हँडलची जागा आज्ञेप्रमाणे फिरणाऱ्या मोटरींनी घेतली. भारतात 1991 नंतर आयात सुलभ झाली आणि पुढे अशी संगणकनियंत्रित, म्हणजे सीएनसी, यंत्रे छोट्या वर्कशॉपच्याही आवाक्यात आली. त्यांच्यामुळे अचूकता आणि वेग वाढला. मात्र असे यंत्र मुळात स्थान जाणते, जोर जाणत नाही. हत्याराच्या टोकावरची इन्सर्ट, म्हणजे बदलता येणारी कापणारी वडी, तुटली तरी ते ठरल्या मार्गाने पुढे सरकत राहते. मोटर किती वीज घेते यावरून भार दाखवणारा लोडमीटर असतो खरा, पण लहान हत्यारावरचा सूक्ष्म फरक त्यात बुडून जातो.

जोर मोजण्याचे विज्ञान तोवर पुष्कळ जुने झाले होते. ताणलेल्या तारेचा विद्युतरोध बदलतो, हे विल्यम थॉमसन यांनी 1856 मध्ये दाखवले होते. 1938 च्या सुमारास एडवर्ड सिमन्स आणि आर्थर रूज यांनी अमेरिकेत स्वतंत्रपणे धातूवर चिकटवता येणारी, ताण मोजणारी स्ट्रेनगेज तयार केली. पोलादाच्या ठोकळ्यावर अशा चार गेज चिकटवून त्या परस्परांना जोडल्या की लोडसेल, म्हणजे जोराचे विजेत रूपांतर करणारा संवेदक, तयार होतो. त्यातील बदल अतिशय सूक्ष्म असतो : 350 ओहमची गेज हजारात एक भाग ताणली गेली, तर तिचा रोध जेमतेम 0.7 ओहमने बदलतो, आणि दहा व्होल्ट पुरवलेल्या लोडसेलकडून पूर्ण भाराखालीही साधारण वीस मिलिव्होल्टच हाती लागतात.

यंत्राशी जोडणीची खरी अडचण इथेच होती. शेजारच्या मोटरींच्या विद्युतगोंगाटात हा क्षीण संकेत हरवू नये म्हणून जाळीने वेढलेली केबल लागते, प्रवर्धक लागतो आणि शेवटी नियंत्रकाला समजेल असा 24 व्होल्टचा होय-नाही संकेत द्यावा लागतो. अनेक सीएनसी नियंत्रकांत जी-31 ही आज्ञा याच कामी येते : संकेत मिळताच चालू हालचाल तिथेच सोडून यंत्र पुढच्या आज्ञेकडे वळते. बुश बसवणाऱ्या प्रेसवर लोडसेल दट्ट्याखाली बसवतात आणि अंतराबरोबर जोर कसा चढतो याचा आलेख काढतात. तो ठरवलेल्या मर्यादांबाहेर गेला की जॉब आपोआप नापास होतो.

हे तंत्र वर्कशॉपपर्यंत पोहोचण्यामागे मुख्यतः ग्राहकाचा आग्रह होता. वाहनउद्योगासाठी 1999 मध्ये आलेल्या आयएसओ/टीएस 16949 या मानकाने प्रक्रियेवरील नियंत्रणाचा लेखी पुरावा हा पुरवठादारीचा भाग केला आणि 2009 मध्ये फोक्सवॅगनचा चाकण कारखाना सुरू झाला तोवर आंतरराष्ट्रीय वाहनकंपन्यांची ही शिस्त पट्ट्यात रुळू लागली होती. ब्रेक किंवा स्टिअरिंगच्या भागात बुश घट्ट बसला आहे, हे फिटरने सांगणे आता पुरेसे नव्हते. प्रत्येक नगाचा आकडा जपून ठेवणे भाग झाले.

म्हणून या बदलाकडे केवळ कारागिराची जागा यंत्राने घेतल्याची कथा म्हणून पाहणे अपुरे ठरते. संवेदक जोर सांगतो, पण कोणता जोर योग्य आणि कोणता धोक्याचा, ही मर्यादा आजही बुश बसवून आणि जॉब कापून तपासणाऱ्या अनुभवी माणसालाच आखावी लागते. जिथे हे ज्ञान मागितले जात नाही, तिथे मर्यादा एकतर इतक्या सैल ठेवल्या जातात की दोष सुटतो, किंवा इतक्या घट्ट की चांगला माल भंगारात जातो. थेरगावसारख्या परिसरातील जुन्या टर्नर-फिटरांचे अनुभव पद्धतशीरपणे नोंदवून ठेवणे हे त्यामुळे स्मरणरंजन नसून पुढच्या उत्पादनाची थेट गरज आहे.