कागदाने न टिपलेली माणसं

साल 1855. नांदगाव खंडेश्वरच्या हेमाडपंती देवळात चुन्याविना दगडावर दगड बसलेला पाहत वाढलेले तुम्ही आज विजापुरात, गोलघुमटासमोर उभे आहात. इथे सगळी भिस्त चुन्यावरच. चार कोपऱ्यांना सात मजली अष्टकोनी मनोरे, मधोमध पाकळ्यांतून वर आलेला घुमट. आतून रुंदी सुमारे 38 मीटर, मध्ये एकही खांब नाही.

तुमच्या पुढ्यात तिपाईवर लाकडी पेटी आहे. पेटीमागे मुंबई तोफखान्याचे कॅप्टन थॉमस बिग्ज. जुन्या वास्तूंच्या तसबिरी काढायला कंपनी सरकारने त्यांना याच वर्षी नेमलंय. पेटीत काच नाही, चांदीचं द्रावण चढवलेला कागद आहे. झाकण निघतं. आता सगळा मामला उन्हाचा आणि सबुरीचा.

एक गुराखी गुरं हाकत समोरून जातो. मागून डोक्यावर मोळ्या घेतलेल्या दोघी बाया. थांबतं कोण? आणि जे हलतं, ते या कागदावर उमटत नाही.

तुम्हीही थांबत नाही, दक्षिणेच्या दाराशी जाता. वर साखळीने टांगलेला दगड, लोक त्याला 'बिजली पत्थर' म्हणतात. इमारतीवर वीज पडू नये म्हणून तो तिथे, असं सांगतात. दारावर तीन फारसी ओळी. अक्षरांच्या ठरलेल्या किमती मांडून बेरीज केली, की प्रत्येक ओळीतून हिजरी 1067 निघतं. ज्याची ही कबर, तो सुलतान मुहम्मद आदिलशहा गेला ते वर्ष, म्हणजे 1656. मरणाची तारीख सांगतानाही त्या ओळी त्याला स्वर्गात नेऊन बसवतात. आत चौथऱ्यावर दिसतात त्या नुसत्या खुणा. खऱ्या कबरी खाली तळघरात.

अकरा वर्षं पुढे या. 1866, लंडन. जॉन मरे यांनी छापलेला, बिग्ज यांच्या तसबिरी असलेला विजापूरच्या वास्तुकलेवरचा जाडजूड ग्रंथ. इतिहास मेडोज टेलर यांचा, वास्तुविवेचन जेम्स फर्ग्युसन यांचं. 1686 मध्ये औरंगजेबाने जिंकलेलं विजापूर 1848 मध्ये साताऱ्याच्या राज्याबरोबर कंपनीकडे आलंय. सुलतानाने स्वर्गाची ग्वाही म्हणून उभारलेली कबर लंडनच्या वाचकाला बुडालेल्या सत्तेची खूण वाटते, आणि ती जपणारा नवा धनी आपसूक थोर ठरतो. अशा पानांतलं विजापूर ओस दिसतं, त्यात थोडा हात इतिहासाचा आणि थोडा त्या संथ कागदाचा.

तेव्हा जुन्या तसबिरीत निर्मनुष्य अंगण दिसलं, तर आधी विचारा: तिथे कोणी नव्हतं, की कोणी थांबलं नव्हतं?