मोटारनिर्मितीतील स्वयंचलन

मोटारगाडीच्या भागांची घडण, वेल्डिंग, रंगकाम व जुळणी ही कामे माणसाच्या हातून काढून स्वयंनियंत्रित यंत्रांकडे सोपविण्याची पद्धती. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत, मुख्यतः मिशिगन राज्यातील डेट्रॉइटच्या आसमंतात, ती परिणत झाली. आणि यंत्राने वाचविलेल्या श्रमाचे मोल कोणाच्या पदरात पडावे, याविषयीचा प्रदीर्घ झगडाही तेथेच झाला.

इतिहास : हेन्री फोर्ड यांच्या हायलंड पार्क येथील कारखान्यात १९१३ मध्ये सरकता जुळणीपट्टा सुरू झाला आणि गाडीच्या सांगाड्याच्या जुळणीस लागणारा सुमारे साडेबारा तासांचा अवधी पुढील वर्षी दीड तासावर आला, परंतु एकाच हालचालीच्या अखंड पुनरावृत्तीस विटून कामगार इतक्या संख्येने नोकरी सोडू लागले की, जानेवारी १९१४ मध्ये कंपनीला आठ तासांच्या पाळीसाठी, नफ्याचा वाटा धरून, पाच डॉलर रोज जाहीर करणे भाग पडले. १९६१ मध्ये जॉर्ज डेव्हॉल यांनी कल्पिलेला व जोसेफ एंगलबर्गर यांनी व्यवहारात आणलेला ‘युनिमेट’ हा यंत्रमानव, जनरल मोटर्सच्या न्यू जर्सीतील कारखान्यात, साच्यातून निघालेले तप्त ओतीव भाग उचलण्याच्या जोखमीच्या कामावर योजण्यात आला.

श्रम : १९३५ मध्ये स्थापन झालेल्या युनायटेड ऑटो वर्कर्स या संघटनेने १९३६–३७ च्या हिवाळ्यात फ्लिंट येथे कारखान्यातच ठाण मांडून जनरल मोटर्सकडून मान्यता मिळविली. पुढे वॉल्टर रूथर यांच्या नेतृत्वाखाली तिने यंत्रांना विरोध न करता त्यांच्या लाभात हिस्सा मागितला आणि १९४८ च्या करारात उत्पादकतेशी निगडित वार्षिक वेतनवाढ, १९५० च्या पंचवार्षिक करारात निवृत्तिवेतन व १९५५ मध्ये फोर्डकडून बेकारीच्या काळातील पूरक भत्ता अशा तरतुदी मंजूर करून घेतल्या. जनरल मोटर्सच्या ओहायओमधील लॉर्ड्सटाउन येथील कारखान्यात वेल्डिंगचे यंत्रमानव बसवून ताशी सुमारे शंभर गाड्यांचा वेग ठरविला गेला, तेव्हा १९७२ मध्ये तेथील कामगारांनी तीन आठवडे संप केला. त्यांची मुख्य तक्रार वेतनाची नसून असह्य गतीची व कमी केलेल्या मनुष्यबळाची होती.

अर्थकारण : यंत्रमानव मजुरीचा खर्च घटवितो, पण भांडवल अडकवून ठेवतो, मागणी ओसरली तरी यंत्राचा घसारा व कर्जाचे व्याज चुकत नाही. जनरल मोटर्सने १९८० नंतरच्या दशकात स्वयंचलनावर अब्जावधी डॉलर वेचले, पण त्याचे अपेक्षित फळ मिळाले नाही. उलट १९८४ पासून तिच्याच टोयोटाशी केलेल्या भागीदारीत, कॅलिफोर्नियातील फ्रीमाँट येथे, बंद पडलेल्या कारखान्यातील बहुतांशी जुन्याच कामगारांना विश्वासात घेऊन, तुलनेने साध्या यंत्रसामग्रीवर उत्तम प्रतीच्या गाड्या निघू लागल्या. पुढे त्याच वास्तूत कारखाना थाटणाऱ्या टेस्ला कंपनीचे प्रमुख इलॉन मस्क यांनी, स्वयंचलनाचा अतिरेक ही चूक होती, अशी जाहीर कबुली २०१८ मध्ये दिली.

भवितव्य : विद्युत गाडीत इंजिन नसल्याने त्याच्या असंख्य भागांवर पोसलेला रोजगार धोक्यात आला आहे, भांडवलही निर्धास्त नाही, कारण फोर्डच्या विद्युत विभागास २०२३ मध्ये सुमारे ४.७ अब्ज डॉलर तोटा झाला. त्याच वर्षी युनायटेड ऑटो वर्कर्सच्या सुमारे सहा आठवडे चाललेल्या संपानंतर २०२८ पर्यंत टप्प्याटप्प्याने २५ टक्के वेतनवाढ मान्य झाली. परंतु ज्याचे कामच उरणार नाही, त्याला वेतनवाढीचा उपयोग नाही. यंत्राच्या घसाऱ्यासाठी जमाखर्चात जशी आगाऊ तरतूद करतात, तशीच कामगाराच्या फेरशिक्षणासाठी व बेकारीच्या काळासाठी प्रथमपासून व्हावयास हवी. कारखानदारीला हे परवडते, याचा दाखला १९५५ च्या कराराने दिलेला आहे.