कान मोजायला माणूस कधी शिकला?

कानाची तपासणी सांगितली की पेशंटचे पहिले उत्तर ठरलेले असते: "डॉक्टर, मला ऐकू येतं, लोकच हळू बोलतात." यात खोटेपणा नसतो. नजर कमी झाली की अक्षर पुसट दिसते, ते आपल्याला कळते. पण जो आवाज कानापर्यंत पोचलाच नाही, तो चुकला हे कसे कळणार? म्हणून कान मोजावा लागतो. तो कसा मोजायचा, हे शिकायला वैद्यकाला बराच काळ लागला.

पूर्वीचे डॉक्टर कानाजवळ कुजबुजत किंवा खिशातले घड्याळ धरून टिकटिक ऐकू येते का, असे विचारत. पण प्रत्येकाची कुजबुज वेगळी आणि घड्याळही वेगळे. त्यामुळे आजच्या तपासणीची गेल्या वर्षीच्या तपासणीशी तुलना करता येत नसे.

पहिली मोठी मदत संगीताकडून आली. १७११ मध्ये जॉन शोर या इंग्रज वादकाने वाद्ये जुळवण्यासाठी नादकाटा, म्हणजे ट्यूनिंग फोर्क, तयार केला. १८५५ मध्ये जर्मन डॉक्टर रिने यांनी त्यावर आधारित चाचणी सांगितली. वाजता काटा आधी कानामागच्या हाडावर टेकवायचा, मग कानासमोर धरायचा. निरोगी कानाला समोरचा आवाज जास्त वेळ ऐकू येतो. हाडावरचा जास्त ऐकू आला तर अडथळा बाहेरच्या किंवा मधल्या कानात आहे: मळ, पडद्याला छिद्र, पू. ही चाचणी आजही आम्ही करतो. बिघाड कुठे आहे हे ती सांगते, पण किती आहे हे सांगत नाही.

'किती'चे उत्तर विजेने दिले. १८७९ मध्ये डेव्हिड ह्यूजेस यांनी टेलिफोनचा भाग वापरून आवाज कमी-जास्त करणारे यंत्र बनवले. १९२२ च्या सुमारास अमेरिकेत वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीचा ऑडिओमीटर आला. मोजमापाचे एकक टेलिफोनवाल्या ग्रॅहम बेल यांच्या नावावरून 'डेसिबल' झाले. योगायोग असा की बेल यांच्या आईला कमी ऐकू येत असे आणि पत्नी बहिऱ्या होत्या.

आजची तपासणी त्याच धर्तीवर होते. कानाला हेडफोन लावतात, जाड-बारीक सूर वाजवतात, आणि ऐकू आला की बटण दाबायचे. प्रत्येक सुराचा सर्वात हळू ऐकू आलेला आवाज आलेखावर मांडतात. शून्य डेसिबल म्हणजे शांतता नव्हे, तर तरुण निरोगी कानाला जेमतेम ऐकू येणारा आवाज. आणि ६० डेसिबल म्हणजे ६० टक्के बहिरेपण नव्हे! दर १० डेसिबलला आवाजाची ऊर्जा दहापट होते. म्हणजे ६० डेसिबलचा तोटा असलेल्या कानाला ऐकू येण्यासाठी दहा लाख पट ऊर्जा लागते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात दोन्ही कानांची ६० ते ७० डेसिबलची हानी 'ऐकण्यास कमी' आणि ७० ची 'बहिरा' धरली आहे. दिव्यांग प्रमाणपत्रासाठी हा कागद म्हणूनच लागतो.

आपल्या जिनिंग, दालमिल आणि पाइप कारखान्यांतल्या कामगारांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. गोंगाटाने बिघडणारा कान बहुधा आधी ४००० हर्ट्‌झच्या आसपास खचतो. तेव्हा गप्पा नीट ऐकू येत असतात, पण आलेखावर खड्डा दिसतो. तो खड्डा भरून येत नाही, वाढणे मात्र थांबवता येते.

बटण दाबू न शकणाऱ्या बाळाचे काय? मुंबईत माझगावला मूकबधिरांची शाळा १८८० च्या दशकातच निघाली होती. पण मूल ऐकत नाही हे घरच्यांना कळेपर्यंत बोलणे शिकण्याची वर्षे निघून जात. १९७८ मध्ये ब्रिटनच्या डेव्हिड केम्प यांनी दाखवले की निरोगी अंतःकर्ण स्वतःही बारीक प्रतिध्वनी परत पाठवतो. त्यातून ओएई तपासणी आली. झोपलेल्या बाळाच्या कानात छोटी नळी ठेवली की काही मिनिटांत काम होते. शंका राहिली तर बेरा तपासणीत आवाजाला कानाची नस आणि मेंदूचा देठ प्रतिसाद देतात का, ते पाहतात. यात दुखत नाही. पहिल्या महिन्यात चाळणी, तिसऱ्यापर्यंत निदान आणि सहाव्यापर्यंत उपचार, हे वेळापत्रक पाळले तर बहुतेक मुले बोलायला शिकू शकतात. "याचे वडीलही उशिरा बोलले" म्हणून थांबू नका.

शेवटी एक मर्यादा. सूर ऐकू येणे म्हणजे बोलणे समजणे नव्हे. त्यासाठी शब्द ऐकवून वेगळी चाचणी करतात. घरात फक्त अहिराणी बोलणाऱ्या आजीला पुस्तकी मराठी शब्द दिले, तर चूक कानाची की अनोळखी शब्दाची, हे कळणार नाही. अशा वेळी तपासणाऱ्याला घरची बोली आधीच सांगा. जळगाव आणि धुळे येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत कान-नाक-घसा विभाग आहेत. आजींना तिथे घेऊन जा, आणि 'मुद्दाम ऐकत नाही' हा शिक्का तपासणी होईपर्यंत मारू नका.