धोंडी शाहिराचं देणं

सोलापूर सोडून अक्कलकोटच्या रस्त्याला लागलं की वाटेत वळसंग येतं. तालुका दक्षिण सोलापूर. शाळा-कचेरीत मराठी, घरात बऱ्याच ठिकाणी कन्नड, आणि बाजारात दोन्हींची सरमिसळ. गावाचं नाव इतिहासात राहिलं ते एका विहिरीमुळे. 1937 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर वळसंगला आले आणि इथल्या दलितांच्या विहिरीचं पाणी प्यायले. आजही आंबेडकर जयंतीला लोक या विहिरीकडे येतात.

विहिरीबद्दल बरंच बोललं जातं, पण त्या काळाच्या आवाजाबद्दल फारसं नाही. आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने पहिली निवडणूक लढवली ती याच वर्षी, आणि चळवळीचा निरोप गावोगाव पोचवत होते ते आंबेडकरी जलसे. नाशिककडच्या भीमराव कर्डकांचा जलसा त्यांत सर्वांत गाजलेला. ढोलकी तमाशाचीच, तुणतुणंही तमाशाचंच. सत्यशोधक जलशांनी आधीच गण-गवळणीचा साचा बदलून त्यात शेतकऱ्याचं दुःख भरलं होतं. आंबेडकरी शाहिरांनी त्याच साच्यात पाणवठ्याचा, मंदिरप्रवेशाचा, शाळेचा प्रश्न घातला. पदं लिहायची त्यांनीच, चाल बांधायची त्यांनीच आणि रात्री गावापुढे उभं राहून गायची तीही त्यांनीच.

स्वतः रचून स्वतः गाणाऱ्या माणसाची या जिल्ह्यातली परंपरा मात्र जलशांच्या फार आधीची आहे. सोलापूरचं ग्रामदैवत म्हणून ज्यांची गड्ड्याची यात्रा भरते ते सिद्धरामेश्वर बाराव्या शतकातले वचनकार, आणि त्यांची वचनं कन्नडमध्ये. पश्चिमेला मंगळवेढ्यात चोखामेळा. तिथल्या गावकुसाचं काम चालू असताना ते कोसळून 1338 साली त्यांचा अंत झाला. त्यांच्या घरात सोयराबाई, निर्मळा, बंका, कर्ममेळा असे सगळेच अभंग रचणारे. ज्यांना देवळाची पायरी चढू दिली नाही त्यांची पदं वारीत सगळ्यांच्या तोंडी बसली.

संतांचा काळ आणि जलशांचा काळ या दोन टोकांच्या मध्ये, सोलापुरात 1762 च्या सुमारास राम जोशी जन्मले. घर वेदशास्त्रसंपन्न, थोरले बंधू मुद्गल पुराण सांगणारे. धाकट्या रामाचं लक्ष मात्र पोथीत कमी आणि गावातल्या धोंडी शाहिराच्या फडात जास्त. तमाशाच्या बोर्डाशी ब्राह्मणाच्या पोराने रोज जाऊन बसावं, हे त्या काळच्या सोलापूरला रुचणं शक्यच नव्हतं. भावाने घराबाहेर काढलं, अशी कथा आहे. मग राम पंढरपूरला गेला, शास्त्रं-काव्यं शिकला, विद्वान होऊन परतला आणि पुन्हा फडावरच उभा राहिला! आता मात्र त्याच्याकडे दोन शिदोऱ्या होत्या: फडावरची लय आणि पंढरपूरचं संस्कृत.

त्या दोन्ही त्याच्या लावणीत दिसतात. राम जोशींच्या लावण्यांत शब्दांची फिरत, यमकांची झड आणि अलंकारशास्त्रातले डावपेच आहेत. पण ते सगळं ढोलकीच्या मात्रेत चपखल बसतं, कारण तो कान पोथीने दिलेला नव्हता. त्यांनी संस्कृत-मराठी मिश्र रचना केल्या, आणि मराठी, कन्नड, हिंदी, संस्कृत अशा चार भाषा एकाच लावणीत गुंफण्याचा खेळही केला. पुण्या-साताऱ्याच्या वाचकाला ही पांडित्याची कसरत वाटते. वळसंग-अक्कलकोट पट्ट्यातल्या माणसाला तिचं एवढं नवल वाटू नये. त्याचा बाजाराचा दिवससुद्धा दोन-तीन भाषांतच जातो.

तिसरा संस्कार बारामतीचा. पंतकवी मोरोपंतांनी या शाहिराचा वकूब ओळखला. पुढे राम जोशी कीर्तन करू लागले आणि मोरोपंतांच्या आर्या त्यांनी लोकांच्या कानापर्यंत नेल्या. एरवी पंडितांपुरत्या राहिल्या असत्या अशा आर्या फडावरून आलेल्या माणसाने गाऊन पसरवल्या, हा हिशेब साहित्याच्या इतिहासात नीट मांडायला हवा. दुसऱ्या बाजीरावाच्या पुण्यात त्यांना मान मिळाला, आणि 1812 च्या सुमारास तिथेच त्यांचं निधन झालं. 1947 साली ‘लोकशाहीर राम जोशी’ हा बोलपट आला. त्यात जयराम शिलेदार आणि हंसा वाडकर, ग. दि. माडगूळकरांची लेखणी, वसंत देसाईंचं संगीत. शाहिराचं नाव घराघरांत गेलं.

याच सोलापूर जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, बार्शीत, 1916 साली मेहबूब हुसेन पटेल जन्मले. लोकगीतांचा वारसा त्यांना आई मुनेरबीकडून मिळाला. बसवर क्लीनर, मग गिरणीत कामगार, मग संप आणि तुरुंग. हाच मुलगा पुढे शाहीर अमर शेख झाला. 1944 साली अण्णा भाऊ साठे आणि द. ना. गवाणकर यांच्याबरोबर त्यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं, आणि संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांच्या पहाडी आवाजाने मैदानं दणाणली. त्यांच्या गाण्याची मुळं शोधायची तर घराण्याची वंशावळ उपयोगाची नाही. तिथे मुसलमान घरातल्या आईची मराठी गाणी आहेत, गिरणीचा भोंगा आहे आणि जुन्या पोवाड्याची ठेवण आहे.

राम जोशी आणि अमर शेख यांच्यात जात, धर्म, काळ, विचार यांतलं काहीच सारखं नाही. सारखं आहे ते एवढंच, की दोघेही गाणं शिकले ते शाळेबाहेर. एक फडावर शिकला, दुसरा आईच्या शेजारी बसून. जलशाच्या शाहिरांचंही तेच. त्यांच्या ढोलकीवाल्यांची, पहिल्या गुरूंची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत.

म्हणूनच राम जोशींवर लिहिताना पंढरपूर आणि बारामती आधी सांगायची, आणि फडाला ‘नादाला लागला’ एवढ्या दोन शब्दांत उरकायचं, ही पद्धत अन्यायाची आहे. संस्कृत शिकलेले शास्त्री त्या काळी ढिगाने होते. त्यांतला एकच राम जोशी झाला, आणि त्याचं श्रेय पहिल्यांदा धोंडी शाहिराला जातं.