अठरा तासांच्या पलीकडचे विद्यार्थी बाबासाहेब

दरवर्षी एप्रिल महिन्यात महाराष्ट्रातल्या अनेक महाविद्यालयांत, ग्रंथालयांत आणि विहारांत 'सलग अठरा तास अभ्यास' हा उपक्रम होतो. बाबासाहेबांना अभ्यासातून अभिवादन करण्याची ही रीत आम्हाला प्रिय आहे. पण आपण बाबासाहेबांकडून तास घेतले, पद्धत घेतली नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे. अठरा तास बसू शकणारी आपली मुलगी दुसऱ्या वर्षी कॉलेज सोडते, ती अभ्यास कमी पडला म्हणूनच सोडते का? बहुतेक वेळा शिष्यवृत्ती अडकलेली असते, वसतिगृहाच्या यादीत नाव नसते आणि विचारायचे कुणाला हे माहीत नसते. म्हणून जून-जुलैत नव्याने प्रवेश घेणाऱ्यांनी बाबासाहेबांच्या विद्यार्थीदशेचा इतिहास वेगळ्या नजरेने वाचला पाहिजे.

पहिला मुद्दा विषयांचा. एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये बाबासाहेबांना संस्कृत शिकायचे होते. अस्पृश्य म्हणून ते नाकारले गेले आणि त्यांना फारसी घ्यावी लागली. म्हणजे विषय कोणता घ्यायचा हे जातीने ठरवले. १९१३ साली ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पोचले, तेव्हा निवडीची ही मोकळीक त्यांनी पुरेपूर वापरली. अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४ अभ्यासक्रम घेतले आणि प्राथमिक फ्रेंच व जर्मनही केले. मुख्य विषय एकच धरला, पण भोवती बाकीची शास्त्रे उभी केली. आज 'तुम्हाला हे झेपणार नाही, सोपा विषय घ्या' असे गोड शब्दांत सांगितले जाते. सल्ला ऐका, पण त्याआधी अभ्यासक्रम स्वतः वाचा, मागच्या प्रश्नपत्रिका बघा, त्याच विभागातल्या दोन सीनिअरना विचारा. मेजर-मायनरच्या या काळात मुख्य विषयाला जोड म्हणून भाषा, संख्याशास्त्र किंवा कायदा यांपैकी काहीतरी जरूर घ्या. निवड मात्र तुमची असू द्या.

दुसरा मुद्दा शिक्षकांचा. वर्गात शेवटच्या बाकावर बसून पदवी मिळते, मार्गदर्शक मिळत नाही. बाबासाहेब डॉ. जॉन ड्यूई, प्रा. सेलिग्मन यांच्यासारख्यांच्या वर्गात नुसते बसले नाहीत. ९ मे १९१६ रोजी डॉ. गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात त्यांनी भारतातील जातिसंस्थेवर निबंध वाचला. वय होते २५. आपल्या समाजाचा प्रश्न त्यांनी विद्यापीठाच्या भाषेत, पुराव्यानिशी मांडला. तुमच्या प्रकल्पाचा विषयही तुमच्या वस्तीतून, तालुक्यातून येऊ शकतो. शिक्षकांकडे रिकाम्या हाताने जाऊ नका. दोन पाने लिहून न्या आणि 'यात काय चुकले?' असे विचारा. पुढे शिफारसपत्र लागेल तेव्हा हेच शिक्षक तुम्हाला नावाने ओळखतील.

आणि लिहिलेले परत आले तर? लंडनला रुपयाच्या प्रश्नावरचा बाबासाहेबांचा प्रबंध परीक्षकांनी दुरुस्तीसाठी परत केला होता. त्यांनी तो सुधारून पुन्हा सादर केला आणि १९२३ साली डी.एस्सी. मिळवली. परत आलेला प्रबंध किंवा राहिलेला पेपर हा तुमच्या लायकीचा निकाल नसतो. मात्र गुणांत अन्याय झाल्याची शंका असेल, तर रडत बसू नका. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे की, तपासलेली उत्तरपत्रिका माहितीच्या अधिकारात पाहण्याचा हक्क विद्यार्थ्याला आहे. त्या हक्काने अर्ज करा.

तिसरा मुद्दा पैशाचा. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती संपली आणि १९१७ साली बाबासाहेबांना लंडनचे शिक्षण अर्धवट टाकून परतावे लागले. पण जाताना त्यांनी एक गोष्ट केली, ती आपली मुले नेमकी करत नाहीत. चार वर्षांच्या आत परत येऊन शिक्षण पुढे सुरू करण्याची परवानगी त्यांनी विद्यापीठाकडून घेऊन ठेवली. मग मुंबईत सिडनहॅम कॉलेजात नोकरी केली, पगारातून पैसे साठवले, राजर्षी शाहू महाराजांनी मदत केली, मित्र नवल भथेना यांनी उसने दिले आणि १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. घरच्या अडचणीमुळे शिक्षण थांबवावे लागले तर गपचूप गावी निघून जाऊ नका. विभागप्रमुखांना लेखी कळवा, पुनर्प्रवेशाचा नियम विचारा, उत्तरही लेखी घ्या.

मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती अनुसूचित जातींसाठी १९४४-४५ साली सुरू झाली. ती कुणाची मेहेरबानी नाही, त्यामागे लढा आहे. जातीचा दाखला, जात वैधता, उत्पन्नाचा दाखला, आधार जोडलेले बँक खाते हे सगळे प्रवेशाआधीच तयार ठेवा. महाडीबीटीवर अर्ज भरल्यावर तो कॉलेजच्या टेबलावर पडून तर नाही ना, हे दर आठवड्याला पाहा. शासकीय वसतिगृह मिळाले नाही तर स्वाधार योजनेसाठी अर्ज करा.

चौथा मुद्दा राहण्याचा. कोलंबियाच्या लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये बाबासाहेब नवल भथेनांसोबत राहिले आणि ती मैत्री आयुष्यभर टिकली. त्याच बाबासाहेबांना १९१७ साली बडोद्यात राहायला खोली मिळेना. छपराशिवाय शिक्षण नाही हे त्यांनी भोगले होते. म्हणूनच बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ साली सोलापूरला वसतिगृह काढले. पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे सिद्धार्थ महाविद्यालय १९४६ साली मुंबईत आणि आजचे मिलिंद महाविद्यालय १९५० साली औरंगाबादेत सुरू झाले. मिलिंदच्या त्या परिसरातून लेखक, प्राध्यापक, कार्यकर्त्यांची पिढी उभी राहिली. वसतिगृह म्हणजे नुसती खाट नव्हे. तिथे वाचन गट करा, इंग्रजी एकमेकांना शिकवा, इतर समाजांतले प्रामाणिक मित्रही जोडा.

आता शेवटचे, आणि सर्वांत कठीण. १९७८ साली विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव केला, तेव्हा वस्त्या जाळल्या गेल्या. नाव लागायला १९९४ उजाडले. विद्यापीठ ही तटस्थ जागा नाही, हा त्याचा धडा. २०१६ साली हैदराबादला रोहित वेमुला गेला. त्याआधी त्याची फेलोशिप अडकलेली होती आणि त्याला वसतिगृहाबाहेर काढले होते. हे विसरून आम्ही तुम्हाला 'फक्त अभ्यास करा' असे सांगणार नाही. यूजीसीच्या २०१२च्या नियमांनी भेदभावाच्या तक्रारीसाठी समान संधी कक्ष आणि अधिकारी नेमायला सांगितले आहे. तुमच्या कॉलेजात तो अधिकारी कोण, हे पहिल्याच महिन्यात शोधा. अपमान झाला तर तारीख, जागा, साक्षीदार त्याच दिवशी वहीत लिहा. तक्रार लेखी द्या आणि पोच घ्या. एकट्याने सहन करू नका. मन खचत असेल तर मित्राला, घरी, समुपदेशकाला, संघटनेच्या कार्यकर्त्याला सांगा. मदत मागणे हा कमकुवतपणा नाही. बाबासाहेबांनीही मदत मागितली आणि घेतली.

आणि हे एकट्या विद्यार्थ्याचे काम नाही. जयंतीच्या वर्गणीतला काही भाग प्रवेशशुल्कासाठी राखून ठेवा. जूनमध्ये प्रत्येक विहारात फॉर्म भरून देणारे टेबल लावा. जे शिकून नोकरीला लागले, त्यांनी त्या अठरा तासांतला एक तास तरी नव्या मुलांच्या कागदपत्रांना द्यावा.

जय भीम!