‘घरीच बरा आहे’ म्हणणाऱ्यांना

सांगली जिल्ह्यातल्या पलूस तालुक्यात कुठेही विचारा, उत्तर ठरलेले आहे. पोरगा बौद्धिक दिव्यांग आहे, अठरा पूर्ण झाली, विशेष शाळेतून नाव कमी झाले; आता पुढे काय? “पुढं काय असायचं? घरीच बरा आहे की. दोन वेळचं जेवतो, जनावरामागं असतो, कुणाच्या अध्यात ना मध्यात. शिवाय संजय गांधी निराधार योजनेचा पगार चालू आहे.” असे म्हणणारी माणसे दुष्ट नसतात. बहुधा ती त्या पोराची आई असते, चुलता असतो, नाहीतर गावातले निवृत्त गुरुजी. मत मायेपोटी आलेले आहे, म्हणूनच ते आजवर कुणी तपासलेले नाही.

आधी त्यांची बाजू पूर्ण ताकदीने मांडतो. ते म्हणतात, संस्थांचा इतिहास काळा आहे. न्यूयॉर्कच्या विलोब्रुक संस्थेत मुले कशी कोंबून ठेवली होती, ते १९७२ साली अमेरिकेने दूरचित्रवाणीवर पाहिले. त्यापेक्षा आपली ओसरी बरी. शिवाय गावाकडे घर आहे, भावकी आहे, पोरगे उघड्यावर पडत नाही. ज्याला सुटे पैसे मोजता येत नाहीत त्याला काम कोण देणार? आणि तालुक्याच्या ठिकाणी असल्या सोयी उभ्या करायला पैसा कुठला? युक्तिवाद सुसंगत आहे, अनुभवाचा आहे. तरीही तो चुकीचा आहे, असे माझे म्हणणे. न्याय वाचकांनी करावा.

पहिल्या मुद्द्यात तथ्य सर्वांत जास्त आहे. संस्था कशा वागू शकतात हे पाहायला विलोब्रुकला जायचीही गरज नाही. १९९४ साली शिरूरच्या सरकारी गृहातल्या मतिमंद मुलींची गर्भाशये पुण्याच्या ससून रुग्णालयात काढली गेली. पाळीच्या दिवसांत त्यांना स्वच्छता राखता येत नाही, हे कारण पुढे केले गेले. राज्यभर गदारोळ झाला, तेव्हा शस्त्रक्रिया थांबल्या. पण हे घडले कशामुळे? केवळ संस्थेच्या भिंतींमुळे? त्या मुलींना कुणी काही विचारले नाही, कारण त्या कितीही वाढल्या तरी ‘लहानच’ राहणार, त्यांचे आपण ठरवायचे, ही समजूत पक्की होती. तीच समजूत ओसरीवरही नांदते. तिथे ती मायेने बोलते, एवढाच फरक. शिरूरचा दाखला घरी बसवण्याच्या बाजूने देणाऱ्यांनी तो पुन्हा एकदा वाचावा. तो त्यांच्याच विरुद्ध जातो. २००९ साली चंदीगडच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने या समजुतीच्या नेमके उलटे टोक धरले. सौम्य बौद्धिक अक्षमता असलेल्या तरुणीचा गर्भ तिच्या संमतीशिवाय पाडता येणार नाही, असे सांगितले.

या समजुतीला आपण साहित्य-सिनेमातूनही खतपाणी घातले आहे, हे जाता जाता सांगतो. १९९१च्या ‘चौकट राजा’तला दिलीप प्रभावळकरांचा नंदू पाहून महाराष्ट्र रडला, आणि रडण्यासारखेच ते काम होते. पण प्रेक्षकांच्या आठवणीत राहिले ते एक गोड, निरागस मूल. नंदू दाढी करण्याच्या वयाचा पुरुष होता, हे किती जणांच्या ध्यानात राहिले?

आता भावकीकडे येऊ. पूर्वी ही मुले फार जगत नसत. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत डाउन सिंड्रोम असलेल्या माणसाचे सरासरी आयुष्य पंचविशीच्या आसपास होते; आज ते साठीला भिडले आहे. उपचार सुधारले तसे आपल्याकडेही हे तरुण आईबापांच्या मागे राहणार, हे उघड आहे. आणि मागे राहिल्यावर घर म्हणजे कोण? थोरला पुण्यात, धाकटा पंपाच्या कारखान्यात पाळीवर, वाटण्या झालेल्या, प्रत्येकाच्या नावावर अर्धा-पाऊण एकर ऊस. ‘भावकी सांभाळेल’ याचा व्यवहारातला अर्थ ‘कुठली तरी भावजय सांभाळेल’ असा असतो. तिला कुणी विचारलेले नसते. २०१९ आणि २०२१च्या पुरात भिलवडी-औदुंबरकडच्या माणसांना घर सोडून निवाऱ्याला जावे लागले. ज्याचे बोलणे फक्त आईलाच कळते, ज्याची फेफऱ्याची गोळी किती वाजता द्यायची हे फक्त तिलाच ठाऊक, त्याचे अशा अनोळखी गर्दीत, आई नसताना, काय होईल? एकाच माणसाच्या जिवावर टांगलेली व्यवस्था ही व्यवस्था नव्हे.

कायद्याला तर ओसरी दिसतच नाही. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने मोफत शिक्षणाचा हक्क सहा ते अठरा वर्षांपर्यंत दिला. त्याच अठराव्या वाढदिवशी तो तरुण सज्ञान होतो आणि त्याच्या वतीने सही करण्याचा आईबापांचा आपोआपचा अधिकार संपतो. म्हणजे शाळा सुटते आणि पालकत्वही, एकाच दिवशी. यावर उपाय आहे. १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक समिती असते. तिच्याकडे अर्ज करून कायदेशीर पालक नेमून घेता येतो. त्या पालकाला सहा महिन्यांत मालमत्तेची यादी द्यावी लागते आणि दरवर्षी हिशेब. २०१६चा कायदा आणखी पुढे जातो. पालकाने सगळे स्वतःच ठरवू नये, त्या व्यक्तीबरोबर मिळून ठरवावे, असे तो सांगतो. पलूसहून सांगलीला एक-दोन खेपा घालायच्या. पण ‘घरीच बरा आहे’ म्हटले की त्या खेपा राहून जातात आणि मग एक दिवस हक्कसोडपत्र पुढे येते. कालपर्यंत ज्याला ‘काही कळत नाही’ असे सारे घर सांगत होते, त्याचा अंगठा मात्र त्या कागदावर चालतो. हे तर्कशास्त्र कुठले?

कामाच्या मुद्द्यावर हीच विसंगती अधिक ठळक होते. ‘त्याला काम जमत नाही’ म्हणणाऱ्या घरात सकाळी सहाला जाऊन पाहावे. शेण कोण काढतो? वैरण कोण टाकतो? धारेच्या वेळी वासरू कोण धरतो, आणि डेअरीला दुधाची किटली घेऊन कोण जातो? तोच, जो ‘घरी बसून’ आहे. तो दिवसभर राबतो. फक्त त्या राबण्याला काम म्हणत नाहीत, कारण म्हटले तर मजुरी द्यावी लागेल. म्हणून प्रश्न त्याच्या क्षमतेचा मुळी नाहीच. मजुरीच्या वेळी तो अजाण आणि शेणाच्या पाटीपुढे जाणता, हे दोन्ही एकदम खरे कसे?

उरला शिकण्याचा प्रश्न. अमेरिकेतल्या मार्क गोल्ड नावाच्या संशोधकाने १९७०च्या दशकात तो निकालात काढला. ज्यांना तीव्र अक्षमता आहे म्हणून बाजूला ठेवले होते, अशा माणसांना त्याने सायकलच्या ब्रेकचे पंधरा सुटे भाग जोडायला शिकवले. जादू कसलीही नव्हती. कामाचे बारीक तुकडे पाडायचे, एकेक तुकडा हाताने करून दाखवायचा, बोलणे कमी ठेवायचे, आणि जमले नाही तर शिकवण्याची रीत बदलायची. माणूस शिकला नाही याचा अर्थ शिकवणारा अजून शिकायचा आहे, असा त्याचा पवित्रा होता.

हीच रीत पलूस-तासगाव पट्ट्यातल्या बेदाण्याला लावून पाहा. निवडणीच्या टेबलावर माल पसरलेला असतो. पहिला आठवडा फक्त काड्या वेचायच्या. दुसरे काहीही नाही. काडीवर हात बसला की काळा मणी बाजूला काढायचा, त्यासाठी टेबलावर एक काळा नमुना चिकटवून ठेवायचा. मग हिरवा आणि पिवळा वेगळा करायचा. शेवटी वजन: काट्यावरचा आकडा वाचता येत नसेल तर ‘आकडा या चिठ्ठीसारखा दिसला की थांब’. पैसे मोजता न येणारा माणूस हे सगळे करू शकतो. अट एकच, शेजारी शिकवणारे माणूस हवे आणि आठवड्याची मजुरी त्याच्या स्वतःच्या हातात पडायला हवी. सुरुवात मात्र अठराव्या वर्षी करून चालत नाही. अमेरिकेच्या कायद्याने १९९० पासून सोळाव्या वर्षापर्यंत पुढचा आराखडा तयार असण्याची सक्ती केली आहे. आपल्याकडे त्या वयात पोरगे अजून बाराखडीच गिरवत असते, आणि शाळेचे शेवटचे वर्ष स्नेहसंमेलनाच्या नाचात जाते.

‘हे शहरातले फॅड आहे,’ असेही ऐकवले जाते. पुण्याच्या कामायनी संस्थेचे उद्योग केंद्र काय, डोंबिवलीच्या अमेय पालक संघटनेचे खोणीतले निवासी घरकुल काय, ही हौस नव्हे, गरज होती; घरकुल तर ‘आपल्यामागे काय’ या धास्तीने आईबापांनीच मिळून उभे केले. आणि प्रयोग करायला घाबरायचे हे पलूसला मुळीच शोभत नाही. याच तालुक्यात, औंधच्या राजाने दिलेल्या निवडुंगाच्या माळावर, लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली कारखाना आणला. शिक्षा भोगून आलेल्या माणसांना त्यांनी किर्लोस्करवाडीत रात्रीचे पहारेकरी नेमले. जगाने ओवाळून टाकलेल्या माणसावर सारी वसाहत सोपवणे शहाणपणाचे होते का? तेव्हाही लोकांनी ‘नाही’च म्हटले असेल.

पैशाचे कारण मी फारसे लांबवत नाही. प्रत्येक ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे आहेत. ते वाटून टाकले की माणशी किरकोळ रक्कम येते, फोटो निघतो, विषय संपतो. आठ-दहा गावांनी ते एकत्र केले तर पलूसला दिवसा चालणारे एक केंद्र आणि त्याच्या दारापर्यंत एक गाडी याची सुरुवात होते. केंद्र सगळे भागवणार नाही, हे मान्य. पण जो पैसा आहे तो भांडी वाटण्यात घालवायचा आणि पैसा नाही म्हणायचे, ही तक्रार प्रामाणिक नव्हे.

शेवटचा आक्षेप खरोखर जड आहे, आणि तो बहुधा आयाच घेतात. “हे सगळं जरा बऱ्या पोरांचं झालं. माझं पोर हातानं जेवत नाही, शी-शूचं सांगत नाही. त्याला बेदाणा निवडायला बसवता का?” नाही बसवणार. पण सगळ्यांत आधी सेवा कुणाला लागते, तर त्यालाच. तिशीतला जड देह रोज उचलून पन्नाशीतल्या बाईची कंबर जाते. तिला महिन्यातून चार दिवस झोप मिळाली पाहिजे. राष्ट्रीय न्यासाची ‘समर्थ’ योजना त्यासाठीच आखली गेली, आणि प्रौढांच्या कायमच्या निवाऱ्यासाठी ‘घरौंदा’. शिवाय तोही काही ठरवतोच. कोणत्या माणसाने भरवले की तोंड उघडतो, कुणी अंघोळ घातली की ओरडतो, कुठल्या गाण्याला शांत होतो, हे त्याच्या आईकडून आजच लिहून घेतले पाहिजे. तिच्याशिवाय ते दुसऱ्या कुणालाही ठाऊक नाही, आणि ती आता साठीला आली आहे.