उंबरठ्याबाहेरची आई

आवणी उरकली असेल, नसेल तर हात चालू ठेवून ऐका. आज एका जुन्या मराठी सिनेमाबद्दल बोलायचं आहे आणि त्यावरून आपल्या डहाणू-तलासरीच्या इतिहासाबद्दलही. सिनेमाचं नाव ‘उंबरठा’. तो 1982 साली आला. दिग्दर्शक जब्बार पटेल, पटकथा विजय तेंडुलकरांची, मूळ कादंबरी शांता निसळ यांची ‘बेघर’. सुलभाचं काम स्मिता पाटीलनं केलं आणि तिच्या नवऱ्याचं गिरीश कर्नाडांनी. उत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार याला मिळाला.

गोष्ट थोडक्यात सांगते. सुलभा महाजन ही शिकलेली, खात्यापित्या घरातली सून. नवरा वकील, घर मोठं, राणी नावाची लहान मुलगी. सुलभाला घरात काही कमी नाही, पण आपल्या हातून काहीतरी व्हावं असं तिला वाटतं. दूरच्या संगमवाडीला निराधार बायकांचा आश्रम असतो, तिथं तिला अधीक्षकाची नोकरी मिळते. नवरा आणि सासू नाराज होतात. जाऊ मात्र म्हणते, राणीला मी सांभाळते, तू जा. सुलभा जाते. आश्रमात कमिटीचा गैरकारभार आणि बायकांचे हाल यांच्याशी झगडते. शेवटी चौकशी लागते आणि ती राजीनामा देऊन घरी परतते. तोपर्यंत राणी काकूची झालेली असते आणि नवऱ्याच्या आयुष्यात दुसरी बाई आलेली असते. सुलभा पुन्हा उंबरठा ओलांडते. सिनेमा तिथंच, धावत्या गाडीत संपतो.

या सिनेमावरून तेव्हाही वाद झाला, आजही होतो. काही जणी म्हणतात, नवऱ्याला सोडलं ते समजू शकतं, पण पोटच्या पोरीला ठेवून गेली ही कसली आई? दुसऱ्या म्हणतात, तिनं पोरीला रस्त्यावर सोडलं नव्हतं, घरात जीव लावणारी माणसं होती. बाप्या नोकरीसाठी मुंबईला जातो तेव्हा त्याला कुणी असं विचारतं का? आणि तिसऱ्याही असतात, त्या गप्प बसतात. त्यांना सुलभाचं पटतही असतं आणि बोचतही असतं. आज मला या तिसऱ्या बायांबद्दल बोलायचं आहे.

हा वाद एवढा का पेटतो, हे समजायला थोडं मागे जाऊ. आपल्या मनातली ‘आई’ घडवण्यात साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’चा मोठा वाटा आहे. ते पुस्तक त्यांनी 1933 साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. आचार्य अत्र्यांनी 1953 मध्ये त्यावर सिनेमा काढला. देशातल्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक त्याला मिळालं. ती आई मायाळू, करारी, गरिबीत झिजणारी. तिच्याबद्दल आदर वाटावा अशीच ती आहे. पण एक गोष्ट ध्यानात घ्या. ती गोष्ट मुलगा सांगतो. आई गेल्यावर, मोठा झाल्यावर, तिच्या आठवणीनं सांगतो. तिला रात्री काय वाटायचं, एखाद्या दिवशी सगळं टाकून निघून जावंसं वाटलं का, हे मुलाला कुठून कळणार? ‘उंबरठा’ने पहिल्यांदा एवढ्या ठळकपणे कॅमेरा आईच्या बाजूला नेऊन ठेवला. म्हणून लोक चपापले.

असा वाद फक्त मराठीतच झाला असंही नाही. नॉर्वे देशातल्या इब्सेन नावाच्या लेखकाचं ‘अ डॉल्स हाउस’ हे नाटक 1879 साली आलं. त्यातली नोरा नवऱ्याला आणि तीन मुलांना सोडून घराबाहेर पडते. जर्मनीतल्या एका नामांकित नटीनं सांगितलं की मी माझ्या मुलांना कधी सोडणार नाही, तेव्हा हा शेवट मी करणार नाही. शेवटी इब्सेननं नाइलाजानं दुसरा शेवट लिहून दिला. त्यात नोरा मुलांच्या खोलीच्या दाराशी कोसळते आणि थांबते. पण तो शेवट म्हणजे नाटकावरचा अत्याचार आहे असं त्याचं मत होतं. शंभरेक वर्षांनी आपल्याकडे सुलभावरून तोच प्रश्न आला.

आणि पुरुषांचं काय? सिद्धार्थ गौतमानं तान्ह्या राहुलला आणि यशोधरेला सोडून रात्री घर सोडलं. त्याला आपण महाभिनिष्क्रमण म्हणतो आणि हात जोडतो. हात जोडावेतच, त्यांनी जगाला मोठं काही दिलं. पण बाई घराबाहेर पडली की पहिला प्रश्न मुलाचा, बाप्या पडला की पहिला प्रश्न कामाचा, हा फरक आपण कुठून शिकलो, तेवढं विचारायला हवं.

आता आपल्या मुलखाकडे येऊ. खरं सांगायचं तर सुलभाचा उंबरठा हा शहरातल्या बंगल्याचा उंबरठा आहे. आपल्या पाड्यावरच्या बाईला तो ओलांडू की नको, असा प्रश्न कधी कुणी विचारलाच नाही. जमीनदारांच्या काळात लग्नासाठी कर्ज काढायचं आणि ते फेडायला नवराबायको दोघांनी सावकाराकडे राबायचं, ही लग्नगडीची पद्धत होती. पोर रडतंय म्हणून बाईला वेठीतून सुटका नव्हती. गोदावरी परुळेकरांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात हे सारं आलं आहे. 23 मे 1945 ला तलासरीतल्या झरी गावात हजारो वारली जमले आणि वेठ करणार नाही असं ठरलं. त्या ठरावाकडे आपण मजुरीचा लढा म्हणून बघतो. पण वेठ गेली म्हणजे बाईला पोराला पाजायला घरी जाता आलं, हाही त्याचा अर्थ होता.

वेठ गेली तरी पोट होतंच. बाई शेतावर, चिकूच्या वाडीवर, पुढे वीटभट्टीवर गेली. मग पोर कोण सांभाळणार? आजी, नाहीतर सात-आठ वर्षांची मोठी बहीण. आई सुटायची ती थोरल्या लेकीच्या बालपणाच्या बदल्यात.

हा गुंता ज्यांनी नीट पाहिला त्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ. दोघी 1945 साली बोर्डीला आल्या आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. अनुताई स्वतः लहानपणी विधवा झालेल्या. त्यांना दिसलं की मुलं शाळेत येत नाहीत, कारण कुणी गुरं राखतं तर कुणी भावंडं. मग त्यांनी आयांना दोष देत बसण्यापेक्षा शाळाच हलवली. गुरांमागे असणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. वस्तीतल्या अंगणात जाऊन बालवाडी भरवली, तिलाच अंगणवाडी नाव पडलं. आणि विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी आणली. धाकटं भावंड झोळीत, मधलं खेळात, थोरली पाटीवर. आई निर्धास्त कामावर.

2 ऑक्टोबर 1975 ला सरकारनं एकात्मिक बालविकास योजना 33 ठिकाणी सुरू केली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर गेला. आज आपण ज्या अंगणवाडीत पोर सोडतो, तिचं मूळ आपल्याच डहाणूच्या मातीत आहे.

आता सुलभाकडे परत बघा. ती चांगली आई की वाईट, असं आपण विचारत बसतो. कोसबाडनं वेगळंच विचारलं: पोराला सांभाळायला आईच्या बरोबरीनं कोण कोण आहे? सुलभाच्या घरात जाऊ पुढे आली. नवरा पुढे आला असता तर गोष्ट अशीच संपली असती का, हा विचार करण्यासारखा आहे.

पण मैत्रिणींनो, एक गोष्ट अंगणवाडीनंही सुटत नाही. कधीकधी आईचं मनच उठतं. बाळ झाल्यावर घरात आनंद असतो आणि बाळंतिणीला रडू येतं. बाळ जवळ घ्यावंसं वाटत नाही. ती कुणाला सांगू शकत नाही, कारण आईला असं वाटूच शकत नाही असं आपण सगळ्यांनी ठरवलेलं असतं. मग कुणी म्हणतं नखरे आहेत, कुणी म्हणतं बाहेरचं लागलंय. बाळंतपणानंतर पहिले काही दिवस मन हळवं होणं पुष्कळ जणींना होतं आणि आपोआप निवळतं. पण दोन आठवडे उलटले, झोप उडाली, जेवण जात नाही, जीव नकोसा होतो किंवा बाळाचं काही बरंवाईट करण्याचा विचार येतो, तर तो आजार आहे आणि तो बरा होतो. अशा बाईला एकटं ठेवू नका. आशाताईला सांगा, दवाखान्यात न्या. 14416 हा सरकारचा टेलिमानस नंबर आहे, फुकट आहे, दिवसरात्र चालतो, मराठीत बोलता येतं. दवाखान्यात ठेवावं लागलं तर बाळ हिरावून घेतील अशी भीती असते. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात लिहिलं आहे की तीन वर्षांखालच्या मुलाला शक्यतो आईपासून तोडायचं नाही.

विवळवेढ्याच्या महालक्ष्मीची कथा आपण सगळ्यांनी ऐकली आहे. देवी डोंगरावर होती. एक गरोदर भक्तीण चढता चढता थकून पडली. तेव्हा देवी तिला म्हणाली, तू वर येऊ नकोस, मीच खाली येते. आणि देवी पायथ्याशी आली. चैत्रातल्या जत्रेला आपण तिथंच जातो. देवीनं त्या बाईला विचारलं नाही की तुझी भक्ती कमी पडली का. चढ जास्त आहे, हे तिनं ओळखलं.

या महिन्याच्या बैठकीत जमलं तर ‘उंबरठा’ बघा. सुलभाबद्दल भांडा, खुशाल भांडा. पण जी गप्प बसली असेल तिच्याजवळ नंतर जाऊन बसा. आणि तिला विचारा, बाई गं, तुझं पोर घटकाभर मी धरू का?